कार्डसंग्रह प्रदर्शनाला उसना देताना: कागद आधी, कार्डं नंतर

प्रदर्शनाला दिलेली कार्डं बिघडून परत येतात ती बहुतेक वेळा चोरीमुळे किंवा आगीमुळे नव्हे. एखादा कोपरा दबलेला असतो, सहीची शाई फिकट झालेली असते, फॉइलचं कार्ड पन्हाळीसारखं वाकलेलं असतं. हे आधीपासून होतं की प्रदर्शनात झालं, हे ठरवायला दोन्ही बाजूंकडे एकही कागद नसतो. याचं कारण चुकलेला क्रम. संग्राहक उत्साहाने आधी कार्डं निवडतो, मग नेऊन देतो, आणि यादी, करार, विमा हे सगळं ‘सावकाश बघू’ म्हणून राहून जातं.

खेळाडूंची कार्डं, खेळायचे पत्ते, पोस्टकार्डं, शुभेच्छापत्रं, गेमची कार्डं यांतलं काहीही द्यायचं असलं तरी पुढचे टप्पे याच क्रमाने करा. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

१. होकाराआधी विचारायचे प्रश्न

तोंडी बोलणं झालं तरी उत्तरं लेखी मागवा. मोठ्या संग्रहालयांकडे इमारत, सुरक्षा आणि हवामान यांची माहिती देणारा छापील तक्ता तयार असतो. ग्रंथालय, शाळा किंवा हौशी मंडळ यांच्याकडे तो नसतो, म्हणून तिथे हे प्रश्न तुम्हीच विचारायचे:

- कार्डं बंद शोकेसमध्ये राहणार की उघड्या फ्रेममध्ये? कुलूप कोणत्या प्रकारचं, किल्ल्या किती आणि कोणाकडे?
- कार्डाच्या पृष्ठभागावर किती लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड पडेल? दिवे दिवसाला किती तास चालू असतील? साफसफाई आणि संध्याकाळचे कार्यक्रम धरून विचारा.
- आर्द्रता मोजण्याची सोय आहे का? एसी रात्री बंद होतो का?
- शोकेस कशाची आहे, आणि तिला शेवटचा रंग कधी दिला?
- त्याच खोलीत चहा-नाश्ता होणार का?
- कार्डांना हात कोण लावणार?

नेमकी उत्तरं देता येत नसतील, तर शोकेसच्या जागेचे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काढलेले फोटो मागा. ऊन कुठून येतं आणि कुठे पडतं ते त्यातून कळतं, आणि सगळ्या उत्तरांत हेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

तारखांतही गल्लत होते. प्रदर्शन एक महिना असलं तरी मांडणी, आवराआवर आणि वाहतूक धरून कार्डं दोन महिने बाहेर राहू शकतात. करार, विमा आणि आठवणीच्या नोंदी या सगळ्यांत कार्ड घराबाहेर पडण्याची आणि घरी परत येण्याची तारीख धरा.

२. निवड: कोणती कार्डं घरीच ठेवायची

सगळ्यांत देखणं कार्ड पहिलं द्यावंसं वाटतं. त्याआधी न द्यायची कार्डं बाजूला काढा:

- स्केचपेन, मार्कर किंवा बॉलपेनने सही केलेली. यांतल्या बऱ्याच शायांचा रंग उजेडात छपाईच्या शाईपेक्षा लवकर उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही.
- हाताने रंगवलेली आणि ज्यांचा रंग किंवा चमकी सुटायला लागली आहे अशी. ॲक्रिलिकच्या पत्र्यावरची स्थिर वीज सुटे कण ओढून घेते.
- अल्बममध्ये गोंदाने चिकटलेली. सोडवायला गेलात तर पाठचा थर फाटतो. द्यायचाच असेल तर अल्बम एका पानावर उघडून आहे तसा द्या.
- बुरशीचा वास येणारी किंवा कीड लागल्याची शंका असलेली. ती शोकेसमधल्या दुसऱ्यांच्या वस्तूंनाही धोका करतात.

अशा कार्डांसाठी ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) दोन्ही बाजू स्कॅन करून मूळ मापाची छापील प्रतिकृती द्या आणि पाटीवर ‘प्रतिकृती’ असं स्पष्ट लिहायला सांगा. पाहणाऱ्याला चित्र आणि मजकूर दोन्ही मिळतात, मूळ कार्ड अंधारात राहतं. पाठची बाजू दाखवायलाही हाच उपाय चांगला; त्यासाठी आरसा किंवा दोन प्लास्टिकमध्ये दाबलेलं कार्ड लागत नाही.

संख्या कमी ठेवा. मुदत लांब असेल तर दोन संच करा आणि अर्ध्या मुदतीनंतर बदलायचं ठरवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे अमेरिकी संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी दिलेली तीन लाखांहून अधिक छापील कार्डं आणि कागद आहेत. तिथेही त्यांतली थोडीच एका वेळी मांडतात आणि ठरावीक काळाने बदलतात.

> सावध: जुन्या पोस्टकार्डांच्या पाठीवर खासगी मजकूर, नावं आणि पत्ते असतात. ती बाजू दाखवायची की नाही हे निवडतानाच ठरवा. मांडणीच्या दिवशी घाईत ठरवलं की चुकतं.

३. अवस्थेची नोंद: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

पुढे वाद झालाच तर करारापेक्षा ही नोंद कामी येते. प्रत्येक कार्डामागे दहा-पंधरा मिनिटं धरा आणि एकाच बैठकीत पन्नास कार्डं उरकू नका. डोळे थकले की दबलेले कोपरे दिसेनासे होतात.

*क्रमांक.* प्रत्येक कार्डाला क-००१, क-००२ असा क्रमांक द्या. तो स्लीव्हवर (कार्डाच्या पातळ पारदर्शक पाकिटावर) किंवा सोबतच्या चिठ्ठीवर लिहा, कार्डावर कधीच नाही. पुढे फोटो, यादी, विमा आणि पाटी या सगळीकडे हाच क्रमांक वापरा. ‘लाल किनारीचं कार्ड’ असं वर्णन लिहिलं आणि लाल किनारीची चार कार्डं निघाली, की सगळी यादी निकामी होते.

*माप.* लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. खेळाडूंची कार्डं साधारण ६४ × ८९ मिमी, पोस्टकार्डं बहुधा ८९ × १४० किंवा १०५ × १४८ मिमी असतात, पण जुन्या कार्डांत फरक असतो आणि कडा छाटलेलं कार्ड मापावरूनच ओळखू येतं. म्हणून ठोकळ मापावर भागवू नका.

*फोटो.* प्रत्येक कार्डाचे निदान चार: पुढून, मागून, चारही कोपरे जवळून, आणि तिरक्या उजेडात एक. तिरक्या उजेडासाठी खोलीत अंधार करा आणि टॉर्च टेबलाला जवळजवळ समांतर धरा. समोरच्या उजेडात मुळीच न दिसणारी घडी, नखाचा दाब, सुटलेला थर सावलीमुळे उठून दिसतो. बाजूला पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवूनच फोटो काढा.

*शब्द.* ‘अवस्था चांगली’ हे लिहू नका, त्याचा उपयोग शून्य. दोष काय, कुठे, केवढा, एवढं लिहा. उदाहरणार्थ:

> क-०१४. ६३ × ८८ मिमी. पुढून: वरचा उजवा कोपरा बोथट, १ मिमी, खालच्या कडेवर डावीकडून २० मिमीवर पांढरी खरचट, ३ मिमी. मागून: मधोमध तांबूस ठिपके, पाच. तिरक्या उजेडात: डाव्या वरच्या भागात आडवी घडी, १२ मिमी, शाई तुटलेली नाही.

शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. प्रदर्शनानंतर त्याच घडीवर शाई तुटलेली दिसली, तर नुकसान नंतर झालं हे सिद्ध होतं.

ग्रेडिंग झालेलं (कंपनीने तपासून दर्जा ठरवलेलं) कार्ड स्लॅबमध्ये (कडक प्लास्टिकच्या बंद डबीत) असेल तर कार्डाची आणि स्लॅबची नोंद वेगवेगळी करा. स्लॅबवरच्या चऱ्या, कोपऱ्यातली तडा, लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक हे सगळं लिहा. मात्र हा क्रमांक लोकांना दिसणाऱ्या फोटोंत झाकायला सांगा, कारण खोट्या स्लॅबवर खरे क्रमांक छापण्याचे प्रकार होतात.

> तपासा: नोंदीच्या दोन प्रती, दोन्हींवर तारीख. फोटो दोन वेगळ्या ठिकाणी साठवलेले. यादीतले क्रमांक आणि समोरची कार्डं मोजून जुळलेली.

४. किंमत आणि विमा

विक्रीसाठी कोणी मागितलेली किंमत धरू नका. तशाच अवस्थेतलं कार्ड प्रत्यक्षात विकलं गेलं तो आकडा धरा. पुरावा म्हणून त्या विक्रीच्या नोंदीची प्रत ठेवा. महागड्या कार्डांचं मूल्यांकन त्रयस्थ जाणकाराकडून लेखी घ्या. प्रत्येक कार्डापुढे स्वतंत्र रक्कम हवी, ‘संपूर्ण संग्रह अमुक इतका’ असं चालत नाही.

विम्याच्या कागदात चार गोष्टी शोधा:

1. कार्डं तुमच्या कपाटातून निघाल्यापासून परत तुमच्या हातात येईपर्यंत संरक्षण आहे का, की फक्त शोकेसमध्ये असताना? बहुतेक अपघात वाहतुकीत आणि मांडणीत होतात.
2. रक्कम आधी मान्य केलेली आहे की नुकसानीनंतर कंपनी ठरवणार? आधी मान्य केलेलीच हवी.
3. नुकसान झालं पण कार्ड नष्ट झालं नाही, तर किंमत जितकी उतरली तितकी भरपाई मिळते का? कार्डांत हे सर्वांत जास्त घडतं. संचातलं एक कार्ड गेलं तर बाकीच्यांची किंमत उतरते, त्याचं काय, तेही विचारा.
4. दाव्यातली पहिली किती रक्कम विमेदाराने स्वतः सोसायची, आणि ती आयोजक देणार की तुम्ही?

‘आमचा विमा आहे’ या वाक्यावर थांबू नका. तुमचं नाव आणि मुदत असलेलं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय कार्डं बांधायला घेऊ नका. घराचा विमा असला तरी बाहेर उसन्या दिलेल्या वस्तू त्यात धरल्या जातील असं गृहीत धरू नका, विमा कंपनीला लेखी विचारा.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: हळूहळू रंग उडणं, दमटपणाने वाकणं आणि कीड हे विम्यात सहसा वगळलेलं असतं. त्यापासून संरक्षण देतात ते फक्त करारातले आकडे.

५. करारपत्र

दोन-तीन पानं पुरतात, पण त्यात पुढच्या गोष्टी हव्यातच. अवस्थेची नोंद आणि किमतींची यादी ‘जोडपत्र’ म्हणून जोडा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या.

- उसनवारीच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख. मुदतवाढ फक्त लेखी परवानगीने.
- उजेड, आर्द्रता आणि तापमान यांची मर्यादा, आकड्यांत.
- लेखी परवानगीशिवाय साफसफाई, दुरुस्ती, फवारणी नाही. स्लीव्ह किंवा स्लॅबमधून कार्ड काढणं नाही.
- कार्ड दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्या संस्थेला देणं नाही.
- पाटीवर नाव कसं छापायचं. घरी महागडी कार्डं असतील तर ‘खासगी संग्रह’ एवढंच पुरे. गाव किंवा पत्ता कुठेही नको.
- छायाचित्रांचा वापर कशासाठी. कार्ड तुमच्या मालकीचं असलं म्हणून त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही, तेव्हा जो हक्क तुमच्याकडे नाही तो देऊ नका.
- येण्याजाण्याचा आणि बांधणीचा खर्च कोणाचा.
- नुकसान दिसल्यास किती तासांत कळवायचं. २४ तास वाजवी आहेत.
- मध्येच तुमचा मृत्यू झाला किंवा मालकी बदलली तर कार्डं कोणाला परत करायची. हे कलम लोक अवघडून गाळतात; वारसांना मात्र याच कलमाची गरज पडते.

उजेडाचा हिशेब कसा करायचा

करारात ‘मंद प्रकाश’ लिहून भागत नाही. उजेडाचं नुकसान साठत जातं: लक्स गुणिले तास. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत अतिसंवेदनशील वस्तूंसाठी ५० लक्स आणि वर्षाला १५,००० लक्स-तास, तर मध्यम संवेदनशील वस्तूंसाठी ५० लक्स आणि वर्षाला १,५०,००० लक्स-तास अशी मर्यादा आहे.

आता गणित करा. ५० लक्स, रोज ८ तास, म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. अतिसंवेदनशील कार्डाचा वर्षाचा वाटा ३७ दिवसांत संपतो. तोच उजेड १५० लक्स ठेवला तर साडेबारा दिवसांत. थेट ऊन एक लाख लक्सच्या आसपास जातं, म्हणजे खिडकीतून येणारी तिरीप शोकेसवर रोज काही मिनिटं जरी पडली, तरी बाकी सगळी काळजी वाया जाते. शाईबद्दल शंका असेल तर कार्ड अतिसंवेदनशील धरा.

दिवे शोकेसच्या बाहेर हवेत, कारण आतला दिवा हवा तापवतो आणि कोरडी करतो. अतिनील किरणांची मर्यादा प्रति ल्युमेन ७५ मायक्रोवॅट लिहा. चांगले एलईडी दिवे त्याच्या बरेच खाली राहतात. काच अतिनील किरण अडवणारी असली तरी दिसणारा उजेडही रंग उडवतो, तेव्हा अशी काच आहे म्हणून लक्स वाढवू देऊ नका. स्लॅबचंही तेच: तो बोटांपासून वाचवतो, उजेडापासून नाही.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, तापमान १८ ते २२ अंश सेल्सियस. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर चालतो, रोजचे चढउतार चालत नाहीत. फॉइल कार्ड वाकतं त्याचं कारण हेच: कागद ओल शोषून फुगतो, फॉइलचा थर फुगत नाही आणि कार्ड एका बाजूला ओढलं जातं.

६. बांधणी

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. साध्या कागदी कार्डांना स्वच्छ हात चालतात. चकचकीत, फॉइल आणि फोटो-पोस्टकार्डांना नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोज्यांचे धागे कोपऱ्यात अडकतात आणि बोटांना कडा जाणवत नाही, म्हणून ते नकोत.

1. कार्ड पॉलिस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनच्या स्लीव्हमध्ये घाला. पीव्हीसीचं प्लास्टिक नको, ते कालांतराने चिकट होतं आणि छपाई ओढतं.
2. मग टॉपलोडर (वरून उघडा असलेला कडक प्लास्टिकचा खिसा) किंवा चारही बाजूंनी १ सेंमी मोठे असे दोन ॲसिड-फ्री बोर्ड. टेप बोर्डाला लावा, स्लीव्हला नाही. टेपचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे उघडताना ब्लेड लागत नाही.
3. क्रमांकाप्रमाणे दहा-दहाचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठा झिपच्या पिशवीत. रबर बँड वापरू नका; त्याने कडा दबतात आणि जुना झाला की तो चिकटतो.
4. आतली पेटी, तिच्याभोवती सर्व बाजूंनी ५ सेंमी फोम, मग बाहेरची पेटी. हलवून पाहा, आत काही सरकता कामा नये.
5. पेटीत यादी आणि उलट क्रमाने उघडण्याच्या सूचना ठेवा. बाहेर ‘कार्डं’ किंवा किंमत लिहू नका.

पेटी स्वतः न्या. ते जमत नसेल तर विम्याच्या अटींत बसणाऱ्या वाहतुकीनेच पाठवा. गाडीच्या डिकीत तासन् तास उन्हात ठेवू नका.

७. हवाली करणं आणि मांडणी

पेटी पोहोचली की लगेच उघडू नका. हवेत फरक असेल तर बंद पेटी २४ तास त्याच खोलीत राहू द्या. मग आयोजकांच्या माणसासमोर एकेक कार्ड नोंदीशी ताडून पाहा आणि दोघांनी सही करा. पोच देताना ‘सुस्थितीत मिळालं’ असं आधीच छापलेलं असेल, तर तपासणी होईपर्यंत त्यावर ‘तपासणी बाकी’ लिहा.

मांडणीत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत:

- दुहेरी टेप, गोंद, ब्लू-टॅक. यांतलं काहीही कार्डाला लागू नये. पॉलिस्टरचे कोपरे किंवा पारदर्शक पट्ट्या वापरा. त्या बोर्डाला चिकटवायच्या, कार्डाला नाही.
- कार्ड काचेला टेकवणं. चकचकीत पृष्ठभाग दमटपणात काचेला चिकटतो. निदान ३ मिमी अंतर ठेवा.
- फार उभी मांडणी. उतार ३० अंशांपेक्षा जास्त असेल तर खाली आधाराची पट्टी आणि कोपरे दोन्ही लावा, नाहीतर खालची कडा वाकते.
- नुकताच रंगवलेला किंवा कच्च्या एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) शोकेस. रंग आणि लाकूड आम्लयुक्त वाफा सोडतात. रंग सुकून वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, कार्डं आत ठेवू देऊ नका. ओक लाकडातून ॲसिटिक ॲसिड येतं, तेव्हा कार्डाखाली अडसर म्हणून पॉलिस्टरची फिल्म हवी.

> तपासा: मांडून झाल्यावर लक्समीटर कार्डाच्या जागी ठेवून मोजा, छताखाली मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. मोबाइलवरचं ॲप अंदाजापुरतं ठीक, करारातल्या मर्यादेसाठी मीटरच हवा. मांडलेल्या शोकेसचे फोटो काढा आणि कुलूप तुमच्यासमोर लावून घ्या.

८. प्रदर्शन चालू असताना

पहिल्या आठवड्यात एकदा आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी जाऊन पाहा. कार्ड वाकतंय का, काचेवर आतून दव आहे का, कोपऱ्यात चंदेरी किडे किंवा भुकटी दिसते का, एखादा दिवा बदलून जास्त उजेडाचा लावला आहे का. ऋतू बदलला की उन्हाची तिरीपही सरकते, म्हणून पहिल्या दिवशी सावलीत असलेली जागा नंतरही सावलीत असेल असं धरू नका.

बिघाड दिसला तर स्वतः शोकेस उघडू नका. फोटो काढा, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लेखी कळवा. मुदतवाढ मागितली तर आधी लक्स-तासांचा हिशेब पाहा, मग विम्याची तारीख. दोन्ही बसत असतील तरच हो म्हणा.

९. परत घेताना

कार्डं प्रदर्शनाच्या जागीच, बांधण्याआधी तपासा. पहिली नोंद ज्या तऱ्हेने केली त्याच तऱ्हेने: तोच तिरका उजेड, तेच कोन, तीच पट्टी. जुने फोटो शेजारी उघडे ठेवा, आठवणीवर जाऊ नका. झाकलेल्या कडांचा रंग आणि उघड्या भागाचा रंग यांत फरक दिसतो का ते मुद्दाम पाहा. कोपऱ्यांच्या पट्ट्यांखालची जागा हे सांगते.

नवीन दोष सापडला तर त्याच कागदावर लिहून आयोजकांची सही घ्या, बांधणीचं सामान जपून ठेवा आणि कार्ड दुरुस्त करायला किंवा पुन्हा ग्रेडिंगला पाठवू नका. विम्याची पाहणी होईपर्यंत ते आहे तसंच राहायला हवं. दोष मिळाला नाही तरच ‘सर्व कार्डं तपासून परत मिळाली’ अशी पोच द्या.

घरी आल्यावर पेटी पुन्हा २४ तास बंद ठेवा. नंतर ही कार्डं उरलेल्या संग्रहात लगेच मिसळू नका; वेगळ्या झिपच्या पिशवीत दोन आठवडे ठेवून किडीची खूण दिसते का पाहा. मग प्रत्येक कार्डाच्या नोंदीत एक ओळ भरा: किती दिवस, किती लक्स, एकूण किती लक्स-तास. ज्या कार्डाचा वर्षाचा वाटा संपला असेल त्याच्या स्लीव्हवर पुन्हा कधी देता येईल ती तारीख लिहा.